ओव्याविषयी मातोश्रींच्या शंका व त्यांचे निरसन

लाइपझिग, जर्मनी



परदेशी गेलेल्या कुटुंबाने ओवा टाकला की काय, ही मातोश्रींच्या पत्रातील शंका साधार दूर करणे हा या पत्राचा हेतू असून, या विषयावर चिरंजीव आणि सूनबाई यांच्यात मतभेद असल्यामुळे लेखनाची भाषा मुद्दाम त्रयस्थ ठेवली आहे.

ओवा ही धने, जिरे, बडीशेप आणि गाजर यांच्याच कुळातील वनस्पती असून, ज्याला घरोघरी बी म्हणतात ते वस्तुतः तिचे वाळलेले फळ असते. या फळावरील कण्यांच्या मधल्या खाचांखाली बारीक तेलनलिका असतात. चकलीच्या किंवा भज्यांच्या पिठात ओवा घालताना तो तळहातावर चोळावा, असा मातोश्रींचा जो दंडक आहे, त्याचे कारण या नलिका फुटून सुगंधी तेल मोकळे होते हेच होय. हा मुद्दा सूनबाईंनी नाइलाजाने मान्य केला आहे. मात्र प्रमाण चिमटीचे असावे, मुठीचे नव्हे, हे त्यांचे म्हणणेही तितकेच ग्राह्य आहे, कारण जास्त झालेला ओवा पदार्थाला कडवट करतो.

त्या तेलाचा मोठा भाग थायमॉलचा, म्हणजे बाजारात ओव्याचे फूल म्हणून मिळणाऱ्या स्फटिकरूप द्रव्याचा, असतो. हेच द्रव्य युरोपातील थाईम या वनस्पतीत आढळते आणि ओरेगानोचा वासही याच जातकुळीचा असल्याने, गवारीच्या भाजीला ओव्याची फोडणी बसली की शेजारच्या बाई पिझ्झ्याची चौकशी करीत असत. गवार वातुळ असते व ओवा तो वात सारतो, हे कारण सूनबाईंनी सविस्तर सांगितल्यापासून ती चौकशी थांबली आहे.

नातवाच्या खोकल्यावर येथील औषधविक्रेत्याने दिलेले पातळ औषध थाईमचेच निघाले, त्यामुळे ओवा तव्यावर गरम करून, पुरचुंडीत बांधून छाती शेकण्याचा मातोश्रींचा उपचार जर्मन औषधशास्त्राचा नातलग ठरतो, फक्त त्याची पावती मिळत नाही. थायमॉल प्रथम वेगळे केले ते कास्पार नॉयमान या जर्मन रसायनज्ञाने, १७१९ मध्ये, थाईमपासून. पुढे पहिल्या महायुद्धापूर्वी ते काढण्यासाठी भारतातून ओवा जर्मनीत येत असे, म्हणजे ओव्याने हा प्रवास चिरंजीवांच्या कितीतरी आधी आणि व्हिसाशिवाय केला.

कापूर, पेपरमिंटचे फूल आणि ओव्याचे फूल हे तिन्ही घन पदार्थ एकत्र ठेवले की थेंबभर पाणी न घालता पातळ होतात, आणि या द्रवाला अमृतधारा म्हणतात. त्याची बाटली सदऱ्यांच्या घडीत ठेवून पाठवल्यामुळे चिरंजीवांना कार्यालयात सर्दीविषयी विचारणा होते, आणि सभेत त्यांच्या शेजारची खुर्ची सहसा रिकामी राहते.

सुंठ, हिंग व सैंधवासह चावलेला ओवा अपचनावर, तर बाळंतशेपा घालून केलेली ओव्याची सुपारी बाळंतिणीसाठी, हे परंपरेने मानलेले उपयोग येथेही चालू आहेत. ओवा उष्ण मानला जात असल्याने पित्तप्रकृतीच्या चिरंजीवांना तो बेतानेच दिला जातो. खुरासानी ओवा मात्र कृपया पाठवू नये. ती वनस्पती धोतऱ्याच्या कुळातील व विषारी असून तिचा या ओव्याशी काहीही संबंध नाही. भज्यांसाठी ज्याची पाने वापरतात तो पानओवाही निराळाच, तुळशीच्या कुळातला आहे, आणि खिडकीतील कुंडीत तो पहिल्याच थंडीत गारठून गेला.

नातवाच्या पोटदुखीवरील ओव्याचा परिणाम विशेष नोंदण्याजोगा आहे. ही व्याधी सोमवारी सकाळी शाळेच्या वेळी उद्भवते, आणि द्रव्य पोटात जाण्यापूर्वीच, नुसते डब्याचे झाकण उघडताच, पूर्ण बरी होते.



ता. क. दिवाळीच्या पुडक्यात ओवा व बाळंतशेपा वेगळ्या पुड्यांत बांधून त्यांवर नावे घालावीत. गेल्या खेपेस चिरंजीवांनी कडबोळ्यांत बाळंतशेपा घातला, आणि पाहुण्यांनी सूनबाईंचे अभिनंदन केले.