फाइव्ह-नाइन अण्णा

चिटगुप्प्यात माणूस माणसाला भेटला की आधी "जेवलाव का?" विचारतो. आमचे अण्णा विचारतात, "माझा आवाज कसा येतोय?" तेही समोर उभ्या असलेल्या माणसाला नव्हे. सात मेगाहर्ट्झवर पुणे, सोलापूर, हैदराबाद, जिथला जो सापडेल त्याला.

अण्णा हॅम आहेत, म्हणजे केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना मिळवलेले हौशी रेडिओवाले. त्यांच्या गच्चीवरच्या खांबापासून शेजारच्या चिंचेपर्यंत वीस मीटर तार ताणलेली आहे. तिच्यावर कुणी धुणं वाळत घालू नये म्हणून खाली कानडी, मराठी आणि उर्दू अशा तिन्ही भाषांत पाटी आहे. वैनींना तिन्ही वाचता येतात, आणि त्या तिन्हींकडे दुर्लक्ष करतात.

बाकीचे हॅम लांबचा देश लागला की खूश होतात. अण्णांना जपान लागला तरी ते हवापाणी विचारत नाहीत. जपानच्या माणसालाही तोच प्रश्न. आणि इथेच त्यांचं दुःख सुरू होतं, कारण उत्तर ठरलेलं असतं : "फाइव्ह-नाइन!" रेडिओच्या हिशेबात पहिला आकडा बोलणं किती कळतं याचा, पाचपैकी, दुसरा सिग्नल किती जोरदार याचा, नऊपैकी. म्हणजे पैकीच्या पैकी. ते मिळाले की अण्णांचा चेहरा उतरतो. "सौजन्य आहे हे," ते म्हणतात. "पाहुण्याच्या घरचा पाणचट चहासुद्धा आपण छान म्हणून पितो. खरं कोण सांगणार?" एकदा कुणीतरी "थोडा घोगरा येतोय" म्हणालं. अण्णांनी त्या माणसाला पेढ्यांचा बॉक्स पाठवला.

खोलीची तयारी बघण्यासारखी आहे. आवाज भिंतीवर आपटून परत येऊ नये म्हणून चारही भिंतींना गोधड्या लटकवल्या आहेत. पंख्याची घरघर माइकमध्ये शिरते, म्हणून पंखा बंद. बीदर जिल्ह्यातल्या मे महिन्यात, गोधड्यांच्या खोलीत, बिनपंख्याचे अण्णा घामाने निथळत बसलेले असतात आणि हवेत सांगत असतात, "इकडं वातावरण एकदम स्वच्छ आहे." स्वयंपाकघरातल्या मिक्सरला वेळापत्रक आहे. कुकरला मात्र नाही, शिट्टी वाजली की अण्णा समोरच्याला सांगतात, "तेवढी सोडून बाकीचा रिपोर्ट द्या."

शास्त्र त्यांचं पक्कं आहे. हॅम बोलतात त्या सिंगल साइडबँड पद्धतीत आवाजाला जेमतेम अडीच-तीन किलोहर्ट्झची वाट मिळते. तीनशे हर्ट्झच्या खालचा घुमारा तिथं वायाच जातो. भारदस्त गळ्याचं कौतुक सभेत, बँडवर नाही. वरचं टोक कापलं जातं, त्यामुळे 'स'ची धार जाते आणि ऐकणाऱ्याला 'स' की 'फ' असा प्रश्न पडतो. नवशिक्या अशा वेळी माइकचा गेन वाढवून ओरडतो. मग आवाजाची पातळी आवरणाऱ्या एएलसीची सुई उजवीकडे चिकटते, आवाज फाटतो आणि त्याच्या चिंध्या शेजारच्या फ्रीक्वेन्सीवर बोलणाऱ्यांच्या अंगावर पडतात. "गेन वाढवणं हा अडाण्याचा उपाय," अण्णा मुठी आवळून, तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात. "कमी करा! सगळं कमी करा!"

एवढं कशाला, असं विचारलं की ते किल्लारीचा भूकंप काढतात. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, चारला चार मिनिटं कमी. आमच्याकडेही भांडी वाजली होती. तिकडे गावंच्या गावं जमीनदोस्त झाली होती, आणि हॅम मंडळींनी सेट लावून निरोप पोहोचवले. "तवा गावाचं नाव 'सास्तूर' म्हणलेलं पहिल्या दमात कळायला पाहिजे होतं. दुसऱ्यांदा सांगायला येळ कुणापाशी होता?" यावर बोलायला कुणापाशी काही उरत नाही. अण्णा तेवढ्या वेळात एक्वलायझरचं बटण हळूच फिरवून घेतात.

गावाने त्यांचा आवाज ऐकला तो मात्र देवळात. ऐन कीर्तनात भोंग्यातून पाण्यात तोंड घालून बोलल्यासारखं काहीतरी बाहेर आलं. बुवा थबकले. श्रोते म्हणाले, "अण्णा हायत. चालू द्या." घरचा सिग्नल देवळातल्या अॅम्प्लिफायरच्या लांबलचक वायरीत शिरला होता. दुसऱ्या दिवशी अण्णांनी स्वतःच्या खर्चाने फेराइटच्या कड्या आणल्या, त्यांतून देवळाच्या वायरी गुंडाळल्या आणि दोष काढला. निघताना बुवांना बाजूला घेऊन विचारलं, "तसा बाकी आवाज कसा होता?"

खरा निकाल लागला तो गेल्या उन्हाळ्यात. अण्णांनी तारेऐवजी सेटला डमी लोड जोडला होता. हा पन्नास ओहमचा डबा सगळी शक्ती उष्णता करून गिळतो, त्यामुळे बोलणं बँडवर जात नाही. शेजारी ठेवलेल्या रिसीव्हरला हेडफोन लावून अण्णा स्वतःला ऐकत होते : हॅलो टेस्ट, हॅलो टेस्ट, गेन कमी, गेन जास्त, पुन्हा हॅलो टेस्ट. तेवढ्यात वैनी दारात आल्या. अण्णांचा पाय ट्रान्समिटच्या पॅडलवर होता.

"अहो, डब्यातलं जवारीचं पीठ संपलंय. दळण कधी आणायलाव?"

हेडफोनमध्ये ते वाक्य असं आलं की अण्णा खुर्चीतून उठले. प्रत्येक अक्षर सुटं. सुई मध्यापर्यंतच, उजवीकडे चिकटली नाही. 'संपलंय'मधला 'स' स्पष्ट 'स'. वैनी माइकपासून हातभर लांब, ओरडल्याही नव्हत्या. वर्षानुवर्षं ऐकून न ऐकणाऱ्या माणसाशी बोलण्याचा सराव, दुसरं काय. अण्णा ओरडले, "परत म्हण! हलू नको!" वैनींनी परत म्हटलं. मग तिसऱ्यांदा. मग त्या गेल्या.

त्या दिवसापासून अण्णांनी 'हॅलो टेस्ट' सोडलं. आता ते गेन निम्म्यावर ठेवतात, माइकपासून हातभर मागे सरकतात आणि वैनींच्या चालीवर शांतपणे म्हणतात, "डब्यातलं जवारीचं पीठ संपलंय." सोलापूरहून, पुण्याहून, हैदराबादहून रिपोर्ट येतो : फाइव्ह-नाइन. पहिल्यांदाच तो खरा वाटतो म्हणून अण्णा खूश आहेत.

पीठ वैनींनीच आणलं.