टॉवरातले आण्णा

मुंबईत गिरणी कामगारांच्या सोडतीत लागलेल्या घरांच्या कुठल्याही टॉवरात जा, एक आण्णा सापडतातच. नेसरी, गडहिंग्लज, आजरा, चंदगड या पट्ट्यातून गिरणीत आलेले, १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात गावी परतलेले आणि म्हातारपणी म्हाडाच्या चिठ्ठीवर पुन्हा मुंबईत, तेही थेट दहाव्या माळ्यावर चढलेले. आपण नेसरीचे घेऊ.

मार्च २०२०च्या सोडतीत बॉम्बे डाईंग आणि श्रीनिवास मिलच्या जागांवरची अशी ३,८९४ घरं निघाली. जागा सव्वादोनशे चौरस फूट, किंमत साडेनऊ लाख. पूर्वी लालबागच्या चाळीत याहून लहान खोलीत अख्खी गावकी पाळीपाळीने झोपायची. त्यामुळे आण्णांना जागा कमी वाटत नाही, माणसं कमी वाटतात.

ती तूट ते लिफ्टमध्ये भरून काढतात. बाकीचे मोबाईलकडे बघतात, आण्णा माणसाकडे. ‘गाव कुठलं म्हणायचं?’ तिसऱ्या माळ्यावर तालुका कळतो, सहाव्यावर पाहुणेपण निघतं, दहाव्यावर भाचीसाठी स्थळ सुचवून झालेलं असतं. ज्याला चौथ्यावर उतरायचं होतं, तोही बोलता बोलता वर येतो.

उंच इमारतीत २४ मीटरच्या वर एक मोकळी जागा ठेवलेली असते. आग लागली तर रहिवाशांनी तिथे जमायचं. रेफ्यूज एरिया. एवढी ऐसपैस, वाऱ्याची जागा आगीची वाट बघत रिकामी ठेवायची, हे आण्णांच्या गळी उतरत नाही. त्यांनी तिथे सतरंजी टाकली, मागोमाग काकूंचे सांडगे वाळायला आले, मग चार म्हातारे. वॉचमनने सगळं उठवलं. नियम वॉचमनच्या बाजूचा आहे. पण सांडगे मात्र त्या वाऱ्याला दुपारपर्यंत खडखडीत होत, हेही नोंदवायला हवं.

एरवी नियम पाळावा तर आण्णांनीच. अग्निसुरक्षेच्या २००६च्या कायद्याने आगीची यंत्रणा वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, ठीक असल्याचा दाखला द्यावा लागतो. एकदा सरावाचा भोंगा वाजला. लोक दारं उघडून एकमेकांना ‘काय झालं?’ विचारत राहिले. आण्णा एकटेच जिन्याने खाली पोचले. काखेत फाईल: सोडतीचं पत्र, ईएसआयचं कार्ड, गिरणीचं तिकीट.

‘आणि काकू?’

‘तिला वाट ठावं हाय. कागदास्नी पाय न्हाईत.’

त्या फाईलवर चाळीस वर्षांनी घर मिळालं, हे ज्याला माहीत आहे तो हसत नाही. किंवा जरा कमी हसतो.

देखभालीचं बिल आलं की मात्र सगळ्यांचेच चेहरे उतरतात. पेन्शन तुटपुंजी आणि पंप, लिफ्ट, जनरेटर तर टॉवरचेच. आण्णांना उपविधी पाठ: पाण्याचा खर्च नळांच्या संख्येवर आणि आकारावर, लिफ्टचा मात्र सर्वांना सारखा, वापरा नाहीतर वापरू नका. तळमजल्याचे गृहस्थ दर महिन्याला तक्रार करतात, ‘मी लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही!’

‘मग या की वर चहाला,’ आण्णा म्हणतात, ‘पैसं वसूल हुतील.’

वार्षिक सभेला दोन तृतीयांश किंवा वीस, यांतली कमी असेल ती गणसंख्या लागते. परवा लिफ्ट बंद होती, त्यामुळे आले सातच. सेक्रेटरी तहकुबीच्या तयारीत. आण्णा उठले, ‘सात बास झालं की! आमच्या नेसरीला प्रतापराव गुजर सातच घोडी घिऊन बहलोलखानावर गेलं.’ २४ फेब्रुवारी १६७४ ही तारीखही त्यांनी इतिवृत्तात लिहायला लावली.

‘पण आण्णा,’ खजिनदार हळूच म्हणाले, ‘त्यांतलं परत कुणी आलं नाही.’

‘म्हणून तर लिफ्टचा ठराव आधी घ्या.’

अर्धा तास थांबून, रीतसर तहकुबीनंतरच्या सभेत ठराव मंजूर झाला. विरोध एकट्या तळमजल्याचा.