गुंडावरचं नाव

पुण्यात कुणी गाव विचारलं आणि मी ‘भंडारा’ म्हटलं, की समोरच्याचे हात जोडले जाण्याच्या बेतात येतात. देहूजवळचा, तुकोबांचा डोंगर? मग मला सांगावं लागतं, की तो नव्हे. नागपूरच्याही पुढचा, वैनगंगेकाठचा, धानाचा आणि पितळेच्या भांड्यांचा. वर उचललेले हात तसेच चहाच्या कपाकडे वळतात.

पण आजी-आबाजींची आठवण निघाली की मला हे दोन्ही भंडारे फारसे लांब वाटत नाहीत. त्या भंडाऱ्यावर जिजाई नवऱ्याचं जेवण घेऊन चढायची आणि पायात काटा मोडला की विठोबाचा उद्धार करायची, असं लोक सांगतात. आमची आजी रोवणीच्या दिवसांत डोक्यावर भाताची टोपली घेऊन निसरड्या धुऱ्यावरून बांधीत जायची. पाय घसरला की तीही कुणाचा तरी उद्धार करायची. देवाचा की आबाजींचा, ते नीट कळत नसे. बहुधा जो आधी भेटेल त्याचा.

त्यांचं लग्न १९५१ सालचं. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. म्हणजे लग्न एका राज्यात, थोरली आत्या दुसऱ्यात, माझे वडील तिसऱ्यात. आणि चूल मात्र त्याच कोपऱ्यात. आजीनं या सगळ्याची दखल घेतल्याचं ऐकिवात नाही. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा निघाला आणि तिचं अर्जुनीकडचं माहेर तिकडं गेलं, तेव्हा मात्र ती चिडली. “आता माहेरी जाले पासपोट लागन का जी?” तिनं आबाजींना असं विचारलं, की जणू तो निर्णय त्यांच्याच सहीनं झाला होता.

आबाजी पडले तुकडोजी महाराजांच्या वाटेचे. संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना चुकली तर त्यांना भात गोड लागत नसे. ‘ग्रामगीते’चा रोज एक अध्याय मोठ्यानं वाचायचे. अध्याय एकेचाळीस, म्हणजे वर्षाला जवळपास नऊ पारायणं. महिलोन्नतीचा अध्याय आला की आवाज आणखी चढायचा आणि तो संपला की त्याच पट्टीत, “चहा झाला का वो?” आतून भांडं आपटल्याचा आवाज यायचा. तो होकार असे.

आजीची भिस्त मोहाडीच्या चौंडेश्वरीवर. नवरात्रात ओटी भरायला गेल्याशिवाय तिचं वर्ष सरत नसे. आबाजींना नवससायास पटत नसत. देव माणसात पाहावा, असं त्यांचं म्हणणं. पण बायकोला एकटं पाठवणंही पटत नसे. तेव्हा ते तिला सायकलवर डबलसीट घेऊन जात, देवळात न शिरता बाहेर झाडाखाली बसत आणि तिच्या वहाणा सांभाळत. हे दरसाल. पुढं पुढं शेजारपाजारच्या बायाही आपल्या वहाणा त्यांच्यापुढं सोडू लागल्या. “आबाजी, आमच्या बी पाहाल जी!” तीस-चाळीस जोडांच्या मधोमध बसून हा सुधारक येणाऱ्याजाणाऱ्याला अंधश्रद्धेवर चार शब्द ऐकवी. ऐकणारे पुढं निघून जात, वहाणा तेवढ्या शेवटपर्यंत बसून राहत.

एका वर्षी नेमक्या आजीच्याच वहाणा गेल्या. परतताना सायकल पंक्चर. आबाजींनी आपल्या चपला तिच्यापुढं सरकवल्या आणि स्वतः अनवाणी सायकल ढकलू लागले.

“देवीनंच नेल्या असन,” आजी म्हणाली. “बाहेरच बसता ना.”

“मंग माह्या काहून नाही नेल्या?”

“तुमच्या कोन नेईल जी?”

हे भांडण मी पाहिलेलं नाही. पण दर दिवाळीत, मंडईच्या जत्रेला सगळे जमले की ते पहिल्यापासून पुन्हा व्हायचं, दोघंही आपापली वाक्यं न चुकता म्हणायची. आमच्याकडे धान उभा असतानाच त्याच्या पायाशी लाखोळीचं बी शिंपडून देतात. एक कापणीला येतं तोवर दुसरं उगवलेलं असतं. या दोघांच्या भक्तीचंही तसंच काहीसं असावं. बांधी एकच.

नावं मात्र त्यांनी एकमेकांची कधी घेतली नाहीत. ‘आयकता का जी’ आणि ‘काय वो’ एवढ्यावर साठ वर्षं निभली. आजीच्या माहेराहून लग्नात पितळेचा गुंड आला होता. (पुण्यात गुंड म्हटलं की लोक दचकतात. आमच्याकडे गुंड पाणी भरतात.) त्याच्या गळ्याशी दोघांची नावं आणि लग्नाचं साल टिपक्याटिपक्यांनी कोरलेलं. रेशनकार्डासाठी आलेल्या माणसानं घरधन्याचं नाव विचारलं आणि आबाजी बांधीत. आजीला वाचता येत नव्हतं, बोलायचं तर नव्हतंच. तिनं आत जाऊन भरलेला गुंड रिकामा केला, पदरानं पुसला आणि त्याच्यापुढं नावाची बाजू करून ठेवला. त्यानं वाचून लिहून घेतलं.

हाच गुंड ती चिंच आणि राखेनं घासायची, आठवड्यातून एकदा, अंगणात पाय पसरून. नावापाशी आली की हात जोरात चाले. इथं चकाकी हवीच, असं काहीतरी तिच्या मनात असावं. आबाजी ओसरीवरून कुरकुरत, “देवीले कुंकू लावते, अन् मले घासून काढते.” आणि खरोखरच, साठेक वर्षांत त्यांचं नाव घासून सपाट झालं. शेजारी तिचं स्वतःचं नाव. तिकडं तिचा हात बहुधा उरकता फिरे. त्याच्या टिपक्यांत अजून काळा मळ बसलेला आहे, म्हणून ते स्वच्छ वाचता येतं.

आजी आधी गेली. त्या नवरात्रात आबाजींनी काकाला मोहाडीला न्यायला लावलं. आत गेले नाहीत. झाडाखाली बसले, शेजारी आपल्याच चपला काढून ठेवल्या आणि तासाभरानं “चला” म्हणाले.

गुंड आता माझ्याकडे पुण्यात आहे. मागल्या वर्षी तो कल्हईला टाकला. दुकानदारानं गळ्यावरून अंगठा फिरवला. “इथं काहीतरी होतं. पुन्हा कोरून देऊ?”

नको म्हटलं.

“बरं, पावतीवर नाव काय घालू?”

मी आबाजींचं नाव सांगितलं. पावती गुंडातच ठेवली आहे.