कुलूप नवं, किल्ली तीच

आमच्या दाराच्या लॅचने बावीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केली आणि गेल्या महिन्यात एका सोमवारी कुणालाही न विचारता निवृत्ती घेतली. किल्ली आत जायची, फिरायचीही; सरकारी कचेरीत अर्ज फिरतो तशी. दार मात्र ढिम्म.

“नवीन लॅच बसवू,” मी म्हटलं.

“बसव. पण चावी हीच राहू दे.” ही मुंबईची, म्हणून चावी म्हणते. मी सांगलीचा, माझी किल्ली.

“पाय नवे आणि चप्पल जुनी, असं नसतं ते.”

“सात चाव्या बाहेर आहेत. नव्या खोक्यात तीन येतात. पुढचं गणित तू कर.”

केलं. एक माझी, एक हिची. एक मुलीबरोबर नागपूरला हॉस्टेलवर. ती वर्षातून दोनदा घरी येते आणि दोन्ही वेळा बेलच वाजवते. एक सांगलीला आईच्या बटव्यात, काळ्या दोऱ्यात ओवलेली. ती दिल्यापासून आई केव्हाही उगवेल या धास्तीने आमचा हॉल आवरलेला असतो. एक समोरच्या काकूंकडे, अडीअडचणीला. एक कामाच्या मावशींकडे. सातवी कुठे आहे याबाबत घरात मतभेद आहेत.

चपलांच्या कपाटावर पडलेली किल्ली उचलून मी मंडईजवळच्या चाचांकडे गेलो. ते फुटपाथवर पेटी मांडून बसतात. त्यांनी किल्ली उन्हात धरली, अंगठ्याने दाते चाचपले.

“होईल. फक्त लॅच त्याच कंपनीचा आणा. चावीच्या अंगावरची खाच वेगळी असली तर ती आत शिरणारच नाही. शिरली, की पुढचं माझं काम.”

लॅच आणला. चाचांनी मांडीवर रुमाल पसरला, सिलेंडरचा गाभा हळूच सरकवला आणि रुमालावर पाच पितळी पिना घरंगळल्या. ज्वारीच्या दाण्याएवढ्या, भातुकलीतल्या वरवंट्यासारख्या. कुणी बुटकी, कुणी उंच. मागोमाग स्प्रिंगा आल्या. त्या इतक्या नाजूक, की चाचा मला म्हणाले, “साहेब, श्वास जरा तिकडे सोडा.”

इतकी वर्षं मला वाटायचं, कुलूप किल्लीला ओळखतं. छे! त्याला फक्त उंची कळते. किल्लीचा एकेक दाता एकेका पिनेला वर उचलतो. पाचही जणींची डोकी गाभ्याच्या कडेशी एका रेघेत आली, की गाभा फिरतो. एक जरी केसभर वर-खाली झाली, तर अडला. ही रचना अमेरिकेतल्या लायनस येलची. बाप कुलपंच करायचा. बापाच्या कल्पनेत सुधारणा करून मुलाने १८६१ साली पेटंट घेतलं. मूळ युक्ती मात्र प्राचीन इजिप्तची, तिथे पिना लाकडी होत्या. पिरॅमिडवाल्यांनाही शेजारी होतेच.

चाचांनी माझी किल्ली रिकाम्या गाभ्यात घातली आणि डब्यातल्या पिना चिमट्याने एकेक बसवून पाहिल्या. बुटकी निघाली की परत डब्यात. जी डोकं वर काढेल तिच्यावर कानस. (ही पद्धत मी आमच्या ऑफिसातही पाहिली आहे.) अर्ध्या तासात किल्ली लोण्यात सुरी फिरावी तशी फिरली.

दुपारी सुताराने लॅच बसवला. मी मोठ्या रुबाबात जुन्या किल्लीने नवं दार चार वेळा उघडून दाखवलं. संध्याकाळी हिची चावी फिरेना. माझ्या जुडग्यातली फिरेना. काकूंची बावीस वर्षं डब्यात जपलेली कोरी करकरीत किल्ली तर हलेचना.

चाचा हसले. “तुम्ही दिलेली चावी डुप्लिकेटवरून काढलेली डुप्लिकेट, त्यात रोज वापरून झिजलेली. मी पिना तिच्या मापाने लावल्या. तुम्ही तीच दिलीत ना?”

चपलांच्या कपाटावर किल्ली कोण ठेवतं, हे मला तेव्हा आठवलं.

आता आमचं घर फक्त मावशींच्या किल्लीने उघडतं. त्यांच्याकडून ती तासाभरासाठी मागितली, सहा नव्या काढायला. मावशींनी पदराला हात पुसले, किल्ली माझ्या तळहातावर ठेवली, पण लगेच सोडली नाही.

“न्या. पण आजच आणून द्या. आणि सांभाळून हं दादा, एकच आहे.”