तुळशीचं परदेशी गोत

पिझ्झाबरोबर फुकट आलेल्या ओरेगॅनोच्या पुड्या टाकून देणारं मराठी घर मी अजून पाहिलेलं नाही. त्या फ्रीजच्या दारात, अंड्यांच्या शेजारी सुखाने नांदतात आणि कधीतरी कुणाच्या ऑम्लेटवर रित्या होतात. त्यांचीच थोरली बहीण म्हणजे ‘इटालियन सीझनिंग’ची बाटली.

गंमत अशी, की ही बाटली काही इटलीची नव्हे. ती अमेरिकेतल्या दुकानांत जन्मली आणि वाढली. नेपल्सच्या एखाद्या आजीबाईंना ती दाखवली, तर मालवणच्या काकूंपुढे ‘करी पावडर’ ठेवल्यावर त्यांचा जसा चेहरा होईल, तसाच त्यांचाही होईल. तिकडे ज्याचा त्याचा पाट ठरलेला. मार्गेरिटा पिझ्झावर बेसिलची ताजी पानं. वाळका ओरेगॅनो मारिनारावर. तिच्यावर टोमॅटो, लसूण, तेल एवढंच, चीज नाहीच. रोझमेरी भाजलेल्या बटाट्यांवर, सेज लोण्यात परतून राव्हिओलीवर. सगळ्यांना एका पंगतीत बसवून सरसकट वाढायचं, हा उद्योग बाटलीवाल्यांचा.

पण बाटलीतल्या मंडळींची नावं वाचली, की परकेपणा जरा कमी होतो. बेसिल, ओरेगॅनो, थाईम, मार्जोरम, रोझमेरी, सेज ही सगळी तुळशीच्या कुळातली. बेसिल तर तिची सख्खी चुलत बहीण. आपण फालुद्यात घालतो तो सब्जा म्हणजे बेसिलचंच बी. मात्र दोन्ही बहिणींचं नशीब वेगळं. आपल्याकडे एकीचं दरवर्षी वाजतगाजत लग्न लागतं; इटलीतल्या जिनोव्हात दुसरीला लसणाबरोबर संगमरवरी खलात कुटतात, वर तेल, चीज आणि चिलगोज्यासारखं एक बी घालतात आणि त्या चटणीला पेस्तो म्हणतात. या कुटण्याची जागतिक स्पर्धाही जिनोव्हात भरते. बेसिलच्या कुंडीला अश्रूंचं पाणी घालणारी एक नायिका इटालियन लेखक बोकाचिओच्या ‘डेकॅमेरॉन’ या कथासंग्रहामध्ये, म्हणजे १४व्या शतकात, भेटते. कुंडीत तिच्या मारल्या गेलेल्या प्रियकराचं शिर पुरलेलं असतं. आपल्या वृंदावनात इतकं काही नसतं, हे बरंच आहे.

मार्जोरम म्हणजे आपला मरवा. जिनोव्हाकडे तो पास्त्याच्या सारणात जातो, आपल्याकडे गजऱ्यात. रोझमेरीचंही हल्ली तसंच झालंय. केस वाढावेत म्हणून तिचं पाणी नि तेल लावणाऱ्यांची संख्या, तिचे बटाटे खाणाऱ्यांपेक्षा नक्कीच जास्त असावी. थोडक्यात, या बाटलीतला बराच माल आपण पोटाऐवजी डोक्यावर खर्च करतो.

ओव्याचं काय, असं कुणी विचारील. तो या कुळातला नाही, तो जिरे-कोथिंबिरीचा भाऊबंद. पण थाईमला ज्या थायमॉलमुळे वास येतो, तेच ओव्यातही भरपूर असतं. आणि कुंडीतल्या पानओव्याचं पान चुरगळलं, तर चक्क ओरेगॅनोची आठवण येते. त्या पानांची भजी करणाऱ्या घरात ओरेगॅनोचं फार कौतुक होत नाही, ते उगीच नव्हे.

बाटलीविरुद्ध माझी खरी तक्रार बेसिलपुरतीच आहे. ओरेगॅनो वाळल्यावरही खणखणीत राहतो. इटलीतही तो वाळलेलाच वापरतात. बेसिल मात्र वाळली, की तिच्यात राम राहत नाही. बाटलीत ती केवळ यादीतलं नाव म्हणून असते.

तेव्हा बाटली विकत घ्यायचीच असेल, तर नुसत्या ओरेगॅनोची घ्या. बेसिलसाठी वाण्याकडचा सब्जा चिमूटभर कुंडीत पेरून बघा. वास जिनोव्हाच्या पानाइतका मुलायम नसेल, पण बाटलीतल्या भुशाहून कितीतरी बरा. आणि मंजिऱ्या दिसल्या की लगेच खुडा, हात जोडू नका. फुलोरा आला की पानं कमी होतात.