चेकॉव्ह होता कुठे?

सरकतं काचेचं दार उघडताना जो माणूस तोंडानं ‘श्शूक्’ असा आवाज काढतो, तो मॉलमध्ये आलेला असो की बँकेत, तो आमच्यातला. ‘स्टार ट्रेक’वाला. १९६६ साली सुरू झालेल्या त्या मूळ मालिकेतल्या अंतराळयानाची दारं आपोआप वगैरे काही उघडत नसत, भिंतीआड लपलेली माणसं ती हातानं ओढत आणि त्यांचं टायमिंग चुकलं की नट दारावर आपटत, हे आम्हाला पाठ असतं. तरी आवाज काढायचाच.

हे वेड मला दूरदर्शननं लावलं, ऐंशीच्या दशकात. बरोबरीची पोरं यथावकाश क्रिकेट, मुली आणि शेअर बाजार अशा क्रमानं मार्गी लागली. मी यानातच राहिलो.

लग्नकार्यात कुणी वाकून नमस्कार केला की माझा उजवा हात आशीर्वादाला वर जातो आणि मधलं बोट अन् अनामिका आपसूक फाकतात. मालिकेतल्या स्पॉकची खूण. स्पॉक झालेल्या लेनर्ड निमॉयनं लहानपणी ज्यू प्रार्थनामंदिरात आशीर्वाद देणाऱ्या पुरोहितांचे हात पाहिले होते, तिथून ती आली. म्हणजे मुळात धार्मिकच. भाचीच्या लग्नात गुरुजींनी मात्र मला बाजूला घेऊन विचारलं, “बोटांना काही लागलंय का?”

सहलीला मी लाल शर्ट घालत नाही. कॅप्टन कर्कबरोबर परग्रहावर उतरणारा लाल शर्टातला बिननावाचा इसम बहुधा परत येत नाही.

“अहो, आपण महाबळेश्वरला चाललोय,” बायको म्हणते.

“ग्रह कुठला का असेना.”

सलूनमध्येही मी गप्प बसत नाही. मुंबईच्या पर्सिस खंबाटानं १९७९ च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटासाठी चक्क गोटा केला होता, हे रांगेतल्या सगळ्यांना कळल्याशिवाय माझी हजामत पुरी होत नाही. आणि मीठ! मालिकेच्या एका भागासाठी मिठाच्या नव्या घाटाच्या डब्या आणल्या होत्या. त्या इतक्या चमत्कारिक निघाल्या की त्यात मीठ असेल हे कुणाला पटलं नसतं. मग त्यांची डॉक्टर मॅकॉयची उपकरणं झाली. हॉटेलात सासऱ्यांचा गुडघा ठणकायला लागला तेव्हा मी टेबलावरची डबी त्यावरून हळुवार फिरवली. “जावईबापू, मीठ सांडतंय,” एवढंच ते म्हणाले. सज्जन माणूस.

पण हे सगळं वरवरचं. अस्सल वेडा ओळखावा तो त्याला काय खटकतं यावरून. प्रकाशापेक्षा वेगानं धावणारं यान? मान्य. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवणं निर्मात्यांना परवडेना, म्हणून माणसं विरघळवून खाली पाठवायची युक्ती? मान्य. अणूंच्या पातळीवरच्या अनिश्चिततेचं काय, तर म्हणे त्यासाठी ‘हायझेनबर्ग कॉम्पेन्सेटर’ आहेत. ते कसे चालतात, असं विचारल्यावर पुढच्या ‘स्टार ट्रेक’ मालिकांच्या कलाविभागातल्या मायकल ओकुडांनी उत्तर दिलं होतं : छान चालतात. आमचं समाधान झालं. खान नूनियन सिंग हा उत्तर हिंदुस्थानातला वाटणारा महापुरुष, भूमिकेत मेक्सिकोत जन्मलेला रिकार्डो मॉन्टलबान, तेही मान्य. या खाननं १९९२ ते १९९६ पाव पृथ्वीवर राज्य केलं. त्या काळात मी पुण्यात नोकरीला होतो, पगारातून वेगळं काही कापलं गेल्याचं आठवत नाही. तरीही मान्य!

चेकॉव्ह मात्र मान्य नाही.

१९८२ च्या ‘द रॅथ ऑफ खान’ चित्रपटात खान कर्कच्या जुन्या सहकाऱ्याला, चेकॉव्हला, बघताक्षणी ओळखतो, एकदा पाहिलेला चेहरा आपण विसरत नाही म्हणतो. अरे, पण पाहिला कधी? खान यानावर आला तो १९६७ साली, मालिकेच्या पहिल्या सीझनमध्ये. चेकॉव्ह मालिकेत उगवला दुसऱ्या सीझनला! ओळख कशी झाली? या प्रश्नापायी मी माणसं तोडली आहेत. पडद्यावर दिसत नसला तरी तो यानात खालच्या मजल्यावर कामाला असणार, असं म्हणणाऱ्या एका मित्राशी माझं अजून धड बोलणं नाही. पुरावा काय?

चेकॉव्हचं काम करणारे वॉल्टर केनिग यांनी यावर गमतीनं एक खुलासा केला होता. चेकॉव्ह तेव्हा यानाच्या शौचालयात होता, फार वेळ होता, आणि बाहेर खान ताटकळत उभा होता. बाहेर आल्यावर जो चेहरा दिसला तो खान विसरला नाही.

हे मी जेवताना घरी सांगितलं. बायकोनं ताट उचललं आणि ती आत गेली. सासरे गिरगावातल्या चाळीत वाढलेले, मजल्याला दोन संडास. अंतराळयान, विरघळणारी माणसं, स्पॉकचे कान, यातलं काहीही त्यांनी आजवर मनावर घेतलेलं नाही. पण हे ऐकून ते घास हातात धरून थबकले.

“हे मात्र पटलं,” ते म्हणाले. “आमच्याकडे टोकाच्या खोलीतला एक होता. पेपर घेऊन जायचा. आजही समोर आला ना, तर लगेच ओळखीन.”