रा. रा. चष्मा, किंमत रुपये ४९९ फक्त, यांस




आपण कुरिअरने आमच्या घरी पायधूळ झाडलीत त्याला आज सोळा दिवस झाले. आपल्या मालकांच्या चॅटवरच्या यंत्रबाई तीनदा म्हणाल्या, ‘दोन आठवडे वापरा, सवय होईल.’ झाली ना! जिन्याची शेवटची पायरी असते तिथे दिसत नाही आणि दिसते तिथे नसते, हे डोंबिवली स्टेशनच्या पुलावर माझ्या गुडघ्यांना आता पाठ झाले आहे.

दोष आपला नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दोन्ही डोळ्यांचा नंबर होता, उणे साडेपाच. दोन बाहुल्यांमधले अंतर मात्र नव्हते. पुष्कळ चिठ्ठ्यांवर ते नसतेच. आणि आपला फॉर्म त्यावाचून पुढे सरकेना. उपाय तिथेच दिला होता : एटीएम कार्ड कपाळाला लावून फोटो काढा. कार्ड जगभर ८५.६ मिलिमीटर रुंद असते, म्हणून तेच माप. बाथरूमच्या आरशासमोर डाव्या हाताने कार्ड दाबून धरले, उजव्या हातात मोबाइल. दारातून सौ. म्हणाली, “अहो, कपाळ स्वाइप होत नाही!” दोघेही हसलो, हात हलला, उत्तर आले ६८. म्हटले, असेल.

नव्हते. काल नाक्यावरच्या चष्मेवाल्या काकांनी “माझ्या डोळ्यात बघा” म्हणत नाकावर पट्टी धरली, स्वतःचा एक डोळा मिटला आणि पुटपुटले, “त्रेसष्ट.” म्हणजे दर डोळ्यामागे चूक अडीच मिलिमीटरची. साबुदाण्याचा एक दाणा! पण भिंगाच्या मध्यापासून नजर ढळली की भिंग लोलकासारखे वागू लागते, आणि किती वागायचे ते नंबर ठरवतो. प्रेंटिसचा साधा नियम आहे : सेंटिमीटरमधली चूक गुणिले नंबर. ०.२५ गुणिले ५.५, म्हणजे दर डोळ्याला सुमारे १.४ प्रिझम. तेही अशा बाजूने, की दोन्ही डोळ्यांनी बाहेर वळावे. वाचून वाचून ते आत वळायला शिकले होते. बाहेर वळायची शिकवणी आपण लावलीत. रात्री भुवयांच्या वर ठणकते ती तिची फी.

किमतीचे म्हणाल, तर ४९९ चे आपण फक्त फोटोत होतात. पातळ काच, अँटीग्लेअर, ब्लू कट करता करता १,८४७ चे झालात. ब्लू कटने डोळ्यांचा शीण जातो असे आपले म्हणणे. वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०२३ साली सतरा चाचण्या तपासून, निदान थोड्या दिवसांत तरी तसा फरक बहुधा पडत नाही, असे म्हटले आहे. असो. निळसर झाकेमुळे फोटोत मी कर्तबगार दिसतो, तेवढे पैसे वसूल.

परत पाठवायला गेलो तर कळले, रंग आवडला नाही तर घेतात, नंबर घातलेली काच घेत नाहीत. “शिवाय माप आपणच दिले होते, साहेब.” खरे आहे. कार्ड माझे, कपाळही माझेच.

काकांनाही मी धुतल्या तांदळासारखे समजत नाही. फ्रेमवर किती लावतात ते त्यांना ठाऊक आणि त्यांच्या गल्ल्याला. पण गरम हवेवर काडी धरून ती माझ्या जरा खाली बसलेल्या डाव्या कानाबरहुकूम वाकवताना मी त्यांना पाहिले आहे. आपल्या खोक्यात त्यासाठी एक स्क्रूड्रायव्हर होता. स्क्रू नव्हता.

आमचे मेहुणे आता आपल्याच घराण्यातला प्रोग्रेसिव्ह मागवताहेत. त्यात बाहुली काचेच्या खालच्या काठापासून किती उंचीवर येते तेही लागते, आणि फ्रेम नाकावर बसवल्याखेरीज ते कळत नाही. मेहुणे निर्धास्त आहेत. त्यांच्याकडे तीन बँकांची कार्डे आहेत.

कळावे. लोभ असावा, अंतर तेवढे ६३ असावे.

आपला,
फास्ट समजून स्लो पकडणारा
एक डोंबिवलीकर